झाडे सरांची परात

उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या की झाडे सर भेगेत खडा टाकत आणि वाकून कान लावत. आवाज कधीच येत नसे. "खाली कोणीतरी झेलून राह्यलं," ते म्हणत. आणि हसत नसत.

वडनेरच्या शाळेत ते आम्हाला भूगोल शिकवत. मेक्सिकोचं खोरं शिकवायला त्यांनी घरची पितळी परात आणली. तळाशी गाळ पसरला, काठाने मातीचे डोंगर थापले, मधे पाणी ओतलं. "चहूकडून पहाड. पाणी जाईन कुठून?" कुठूनच नाही. त्या तळ्यातल्या बेटावर अझ्टेकांनी नगर वसवलं. पुढे स्पॅनिश लोकांनी ते जिंकलं, डोंगर फोडून पाणी बाहेर काढायला घेतलं, आणि गाळावर शहर पसरलं. ते अजून खचतंय. सरांनी परातीतलं पाणी फडक्याने टिपलं, गाळावर खडूचा डबा ठेवला. तास संपेपर्यंत डबा कलला होता.

"तळं मरत नाई, बाप्पा. जागा धरून बसते."

पुढे काही वर्षांनी आमच्या गावचाच तलाव मुरूम टाकून बुजवला. प्लॉट पाडले. ज्यांनी मंजुरी दिली, त्यांच्यापैकी एकाचंही घर तिथे नाही, हे मी पत्रकात छापलं. मथळा होता, 'तलावचोरांनो, जाब द्या!' सरांनी तो वाचला. "पोरी, चोर काऊन म्हणून राह्यली? चोरलेली वस्तू दुसरीकडं जाते. तलाव तं तिथंच हाये."

तिथेच त्यांच्या मुलाने, सुधाकरने, घर बांधलं. सरांनी नको म्हटलं, तर तो म्हणाला, "बाबा, मेक्सिकोचं भूत मेक्सिकोतच राहू द्या ना!"

सर गेले राहायला. नातू तिथे होता. बैठकीत फरशीवर त्यांनी परात भरून ठेवली. महिनोन्महिने पाणी एका काठाकडे चढत गेलं. दारं लागेनाशी झाली. सुधाकरने परातीखाली पुठ्ठा सरकवला.

"परातीले टेकू लावून राह्यला," सर म्हणाले. "घराले कोण लावन? लेकराले घेऊन निघ इथून."

कोणी निघालं नाही. निघाले ते सरच. झोपेत, त्याच घरात.

तेराव्याला मी गेले. परात होती तिथे फरशी दुभंगली होती. सुधाकरने अंगणातून खडा आणून आत टाकला. आम्ही वाकलो.

डुबुक.

त्याच्या बायकोने पाळण्यातून बाळ उचललं आणि पाळण्याची दोरी सोडायला घेतली.