पाच जबाब आणि टेकडीवरचा दिवा

पाच माणसांनी आकाशात एकच वस्तू पाहिली, असे पाच जबाब सांगत असतील, तर ती वस्तू त्या ठिकाणी होती असे धरून चालावे काय? माझ्या सेवेच्या अखेरच्या वर्षी हा प्रश्न माझ्यासमोर आला आणि त्याचे उत्तर मी सुरुवातीला चुकीचे दिले. निवृत्तीनंतर अनेक तपासांचे तपशील पुसट झाले आहेत. या एका प्रकरणाचा मात्र दिवसवार क्रम मी आजही सांगू शकतो.

मी तेव्हा पश्चिम पुण्यातील एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. कोथरूडमधील एका सोसायटीचा लेखी अर्ज आला. रोज संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास पश्चिमेकडील टेकडीवर एक तेजस्वी दिवा दिसतो, त्याचा रंग लाल-हिरवा होतो, तो थरथरतो आणि आठच्या आसपास टेकडीमागे उतरतो, असे त्यात म्हटले होते. अर्ज घेऊन सोसायटीचे अध्यक्ष आणि चिटणीस दोघेही आले होते. अध्यक्ष निवृत्त अभियंता होते.

"अहो साहेब, ते यान आहे," ते म्हणाले. "इतका वेळ अधांतरी एका जागी थांबणारी वस्तू माणसाने बनवलेली असूच शकत नाही."

"मग आपल्या सोसायटीची लिफ्ट कोणी बनवली?" चिटणीसांनी विचारले.

चिटणीसांचे मत वेगळे होते. कोणीतरी ड्रोन उडवून घरांवर पाळत ठेवते आहे, असे त्यांना वाटत होते. यान असो वा ड्रोन, तोवर त्या दिव्याची चित्रफीत मोबाइलवरून सर्वत्र फिरली होती. संध्याकाळी टेकडीच्या रस्त्यावर दुचाक्या उभ्या करून माणसे आकाशाकडे पाहू लागली, वाहतूक अडू लागली आणि वरिष्ठांनी माझ्याकडे अहवाल मागितला. विनापरवाना ड्रोन उडवण्यास त्या काळात मनाई आदेश लागू होता. म्हणून मी तपासाची दिशा ड्रोनकडे वळवली.

आमचे रायटर, म्हणजे ठाण्याचे लिखाण सांभाळणारे हवालदार, सोसायटीच्या कार्यालयात जाऊन पाच जणांचे जबाब नोंदवून आले. पाचही जबाब तंतोतंत जुळत होते. मला समाधान वाटले. वास्तविक मला तिथेच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याला चहाची टपरी चालवणाऱ्या आमच्या जुन्या बातमीदाराने खबर दिली. "साहेब, रविवारी सकाळी कॉलेजची पोरं वर ड्रोन उडवतात. त्यांची पुढारी एक मुलगी आहे. कर्वेनगरला राहते."

त्या मुलीच्या घरी पंचांसमक्ष एक ड्रोन मिळाला. तो मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. सूर्यास्तानंतर स्त्रीला ठाण्यात बोलावत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तिला वडिलांसह बोलावले आणि महिला अंमलदारासमोर विचारपूस केली. वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ होते.

मुलगी घाबरलेली होती, पण उत्तरे नेमकी देत होती. "रविवारची परवानगी कॉलेजमार्फत काढलेली आहे, सर. हे पत्र. संध्याकाळी आम्ही एकदाही उडवला नाही."

"पाच जणांनी पाऊण तास दिवा पाहिला आहे."

"पाऊण तास? याची बॅटरी वीस मिनिटांत संपते, सर."

"बॅटरी बदलता येते."

"येते. पण त्यासाठी ड्रोन खाली उतरवावा लागतो. पाच जणांपैकी कोणी तो खाली उतरताना आणि पुन्हा वर जाताना पाहिलाय का?"

अधिकाऱ्याला उत्तर सुचले नाही की तो आवाज चढवतो. मीही चढवला. तेव्हा तिच्या वडिलांनी हळूच विचारले, "साहेब, गुन्हा नोंदवला का?"

त्यांच्या काळजीचे कारण माझ्याच टेबलावर होते. मुलीची एका सरकारी संशोधन संस्थेत निवड झाली होती आणि तिच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याच ठाण्यात आलेला होता. सोमवारपर्यंत तो निकाली काढायचा होता. गुन्हा नोंदवला, तर अहवालात तशी नोंद करणे मला भाग होते आणि मग त्या नेमणुकीचे काय झाले असते, हे सांगायला नको. तो दिवस गुरुवारचा होता.

त्याच संध्याकाळी दिवा पुन्हा दिसला. ड्रोन आमच्या मुद्देमालाच्या खोलीत कुलपात होता. मी हे रायटरना सांगितले, तर ते शांतपणे म्हणाले, "साथीदाराकडे दुसरा असेल, साहेब." आणि मला ते पटले! एकदा मनात आरोपी ठरला की विरुद्ध जाणारा पुरावाही त्याच्याच विरोधात वापरता येतो, हे मी त्या दिवशी स्वतःवरून शिकलो.

शुक्रवारी सकाळी एक सत्तरीच्या बाई ठाण्यात आल्या. पाच साक्षीदारांपैकी त्या चौथ्या. चाळीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेले. सोसायटीत सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. आपला जबाब वाचून पाहायची त्यांची इच्छा होती. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि कागद माझ्याकडे वळवला.

"तिसरी ओळ मोठ्याने वाचता का?"

मी वाचली. "मी माझ्या पत्नीसह गॅलरीत उभा असताना..."

"साहेब, मी अविवाहित आहे," बाई म्हणाल्या. "आणि पत्नी तर मला निश्चितच नाही."

रायटरनी अध्यक्षांचा जबाब संगणकावर घेऊन त्यात फक्त नाव, वय आणि पत्ता बदलला होता. ही आमच्या खात्यातली जुनी सवय आहे. पूर्वी 'वरीलप्रमाणे' असे लिहीत. आता संगणक तेच काम अधिक स्वच्छ अक्षरात करतो. पाच माणसे एका खोलीत चहा घेत बसली, एक बोलला, चौघांनी माना हलवल्या आणि माझ्या हाती पाच साक्षी आल्या. खरे तर ती एकच साक्ष होती.

मी बाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "क्षमा राहू द्या. परीक्षा पुन्हा घ्या. प्रत्येकाला वेगळे बसवून. आणि मला दोन गच्च्या द्या."

दोन गच्च्या कशासाठी, ते त्यांनी एखाद्या विद्यार्थ्याला सांगावे तसे मला सांगितले. रस्त्याने चालताना शेजारचा विजेचा खांब मागे पडतो, पण चंद्र मात्र आपल्याबरोबर चालत राहतो, कारण तो फार दूर असतो. दिवा जर टेकडीवर असेल, तर कोथरूडहून तो एका दिशेला आणि कर्वेनगरहून दुसऱ्या दिशेला दिसलाच पाहिजे. दोन्हीकडून एकाच दिशेला दिसला, तर तो टेकडीवर नाही. यात मताचा प्रश्न येत नाही.

शनिवारी संध्याकाळी बाई अध्यक्षांना घेऊन त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर थांबल्या. मी कर्वेनगरला त्या मुलीच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. ती, तिचे वडील आणि महिला अंमलदार माझ्यासोबत होते. दोन्ही गच्च्यांवर शाळेतले साधे होकायंत्र होते आणि फोन चालू ठेवलेला होता. हात पुढे ताणून मूठ धरली, की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते, हे बाईंनी मला आधीच करून दाखवले होते.

साडेसात वाजता फोनवर बाईंचा आवाज आला. "मोजा."

मी मोजले. पश्चिमेपासून किंचित दक्षिणेला, क्षितिजापासून दीड मूठ वर. बाईंनी त्यांचे आकडे सांगितले. अगदी तेच होते. मग मी उजवीकडे वळून टेकडीकडे पाहिले. दिवा टेकडीवर असता, तर माझ्या गच्चीवरून तो तिथे दिसायला हवा होता. टेकडीच्या माथ्यावरचे आकाश रिकामे होते.

फोन चालूच होता. पलीकडच्या गच्चीवरचे संभाषण मला ऐकू येत होते.

"म्हणजे बाई, तुमच्या मते ही शुक्राची चांदणी? अहो, शुक्र आम्हाला ओळखता येत नाही का?"

"शेवटचा केव्हा पाहिलात?"

"लहानपणी."

"मग या दुर्बिणीतून पाहा."

दुर्बीण सरकवल्याचा आवाज आला. "कोर दिसतेय. चंद्रासारखी." मग त्यांनी तक्रारीच्या सुरात विचारले, "पण तो हलतो ना!"

"पाण्याच्या टाकीच्या कडेशी डोळा लावून पाहा. मोकळ्या काळोखात एकच ठिपका पाहिला की डोळा फसतो. कडेचा आधार द्या, थरथरणे थांबेल. आणि रंग बदलतो तो क्षितिजाजवळच्या हवेने."

दहा मिनिटांनी अध्यक्ष म्हणाले, "हलत नाही. नुसता खाली उतरतोय." एका हट्टी माणसाने स्वतः पाहून स्वतःचे मत मागे घेतले, याचे मला कौतुक वाटले. ते धैर्य मी साक्षीदारांत क्वचित पाहिले आहे.

रविवारी पाचही जबाब स्वतंत्रपणे पुन्हा नोंदवले. पाचव्या साक्षीदार बसमध्ये वाहक होत्या. त्यांनी हा दिवा पाहिलेलाच नव्हता. पहिल्या जबाबाच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी ड्युटीवरून परतताना त्यांना चार दिवे एकामागोमाग, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना आणि आकाशाच्या मध्यावर विझताना दिसले होते.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होते की, साहेब. हवालदार म्हणाले, 'ताई, तेच ते.'"

पाच जबाबांत निराळी माहिती एकच होती आणि आमच्या नकलेने नेमकी तीच पुसली होती. बाईंनी त्या वेळी पुण्यावरून जाणाऱ्या उपग्रहांची उपलब्ध यादी तपासली. वेळ जुळली नाही. विमानांची तपासली, तीही जुळली नाही. मला अहवाल पूर्ण करायचा होता. "बाई, 'उपग्रह असावेत' असे लिहू या."

"'असावेत' माझ्या वर्गात चालले नसते," त्या म्हणाल्या. "लिहा, उलगडा झाला नाही."

"लोक म्हणतील, परग्रहावरून आले."

"म्हणू द्या. साहेब, विश्व एवढे मोठे आहे, कुठे कोणी असेलही. मलाही तसे वाटते. पण कुठेतरी असणे आणि कोथरूडला येणे यांच्यामध्ये पुरावा लागतो. आपल्याला कळले नाही, एवढेच आज आपल्याला कळले आहे. ते खाली सही करण्याजोगे आहे."

मी तसेच लिहिले. माझ्या सेवेतील हा एकच अहवाल, ज्यात 'उलगडा झाला नाही' हे शब्द लिहिताना मला कमीपणा वाटला नाही. एरवी रिकामी जागा भरून काढण्याची आम्हाला फार घाई असते आणि ती कोणाच्या तरी नावाने भरली जाते. या खेपेला ते नाव एका हुशार मुलीचे होते.

सोमवारी सकाळी मी तिच्या पडताळणी अहवालावर 'कोणताही गुन्हा नोंद नाही' असे लिहून सही केली आणि पावती घेऊन ड्रोन परत दिला. जबाबांची नक्कल कशी झाली, तेही सांगितले. तिच्या वडिलांनी मला विचारले, "साहेब, रायटरसाहेबांवर रागावला नाहीत ना?" मी म्हणालो, "त्यांच्यावर नाही." त्यानंतर त्या ठाण्यात एका खोलीत एकाच वेळी दोन जबाब कधीही नोंदवले गेले नाहीत.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : नाही. पाच जबाब जुळतात एवढ्याने ती वस्तू तिथे होती हे सिद्ध होत नाही. ते पाच जण आपापले, वेगळे बोलले का, हे आधी पाहावे लागते. हे माझ्या शब्दावर मान्य करू नका. घरातल्या दोघांनी एकच प्रसंग पाहिला, की त्यांनी आपसात बोलण्यापूर्वी दोघांना दोन खोल्यांत बसवा, प्रत्येकाकडून वेळ, दिशा आणि क्रम लिहून घ्या आणि मग ते कागद शेजारी ठेवा. माझे म्हणणे खरे की खोटे, हे कृपया आपण स्वतः तपासून पाहावे.