कडीवरचा गमछा

“भैया, अंकल का गमछा तीन दिन से लटका है. आप आ जाओ.”

बुधवारी सकाळी शाळेत हजेरी घेत असताना वामनकाकांच्या शेजारणीचा फोन आला. हजेरीपट उघडाच टाकून मी निघालो... कारण तो गमछा सोमवारी मीही पाहिला होता. पाहून परत फिरलो होतो. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

भिलाईबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे स्टील प्लांटमधून रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो. वामनकाका कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होते. सकाळी घरी आले की दाराच्या बाहेरच्या कडीला लाल चौकड्यांचा गमछा अडकवायचे. तो दिसला की दूधवालासुद्धा हाक न मारता पुढे जायचा.

काका माझे रक्ताचे कुणी नव्हते. त्यांना आणि बेबीकाकूंना मूलबाळ नव्हतं. आम्ही त्यांच्या घरामागच्या वस्तीत, सात माणसं एका खोलीत. बाबा सुपेल्यात वेल्डिंगच्या दुकानात कामाला. बी.ए.च्या परीक्षेआधी काकांनी त्यांची पुढची खोली मला दिली. ड्युटी नसली तरी ते कडीला गमछा अडकवायचे आणि स्वतः मागच्या अंगणात बसून राहायचे. “लोकाले वाटू दे, वामन झोपला म्हणून. तू वाच.” बेबीकाकू हसायच्या, “बाया विचारून राहिल्या मले, यायले काई बिमारी लागली का, सदानकदा झोपलेलेच!” आमच्या घराण्यातली पहिली पदवी त्या खोट्या झोपेची आहे.

दोन वर्षांपूर्वी मी वैशाली नगरात लहानसं घर घेतलं. मिस्त्रीने स्वयंपाकघरात दोन रंगांच्या टाइल बसवल्या. अर्धी भिंत पांढरी, अर्धी पिवळट. आठ दिवस मला अन्न गोड लागेना. शेवटी एका दुपारी काकांकडे गेलो. कडीला गमछा होता. काका रिटायर होऊन सहा वर्षं झालेली. जुनी सवय असेल, असं समजून मी दार वाजवलं. मग तासभर बोललो... मिस्त्री, दुकानदार, माझं नशीब. काका मधूनमधून म्हणत होते, “हळू बोल.” त्यांनीच चहा केला. निघताना विचारलं, “सैपाक होते ना तिथं?”

“होते.”

“मंग झालं तर.”

बेबीकाकू आतल्या खोलीत होत्या. आता उपाय नाही म्हणून त्याच सकाळी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. तीन दिवसांनी पहिल्यांदा त्यांचा डोळा लागला होता, म्हणून गमछा. हे मला पाचव्या दिवशी कळलं, त्या गेल्यावर. त्या दुपारी मी काकू कुठे आहेत, एवढंही विचारलं नव्हतं.

काकूंसाठीची बुद्धवंदना आटोपल्यावर मी काकांचे हात धरले. “काका, मले सांगतलं कावून नाई?”

“तुह्या थोबाडावर एवढी मोठी टाइल चिकटून होती, कुठं सांगू?” ते हसले. डोळे भरलेले होते. “बाप्पा, तो एक घंटा मी तुह्या टाइलीचाच इचार केला. तेवढंच बरं वाटलं मले.”

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. मला फक्त लाज वाटली. ज्याच्यावर आभाळ कोसळलंय त्याच्यापुढे आपण टाइल घेऊन बसलो! त्यानंतर मी ठरवलं, असली रडगाणी घेऊन काकांकडे जायचं नाही. नळ गळला, मुलाला मार्क कमी पडले, हेडमास्तर बोलले, सगळं गिळलं. खरोखरच त्या गोष्टी लहान वाटू लागल्या. मला वाटलं, मी शहाणा झालो. पण काकांना सांगायला माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? जाणं महिन्यावर गेलं, मग दोन महिन्यांवर. फोनवर ते विचारायचे, “काई बिघडलं नाई का बे तुह्या घरी?”

“सगळं ठीक हाये, काका.”

“बरं,” म्हणायचे, आणि फोन ठेवायच्या आधी पुन्हा एकदा तेच विचारायचे.

त्या सोमवारी दुपारी पावर हाउसच्या बाजारात काम होतं, म्हणून त्यांच्याकडे वळलो. कडीला गमछा. काकू गेल्यापासून तो बहुतेक वेळा तिथेच असायचा. या वेळी मी शिकलेला होतो. झोपले असतील, आपलं काय एवढं अडलंय... चपलांचा आवाज न करता पायऱ्या उतरलो.

बुधवारी दार तोडलं. काका स्वयंपाकघरात पडलेले होते. गमछा पाहून शेजारणीनेही दार वाजवलं नव्हतं. सोमवारी दुपारी ते होते की नव्हते, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. आजही विचारवत नाही.

गमछा मी घरी आणलाय. त्या दोन रंगांच्या भिंतीवर खिळा ठोकून अडकवलाय. काल त्याच्या खालची एक टाइल निघून पडली. बायको बाहेर गेली होती. मी गमछ्यासमोर उभा राहून मोठ्याने म्हणालो, “काका, टाइल पडली.”

हळू बोल, असं कुणी म्हणालं नाही.