त्या घरात फोन नव्हता

“चरू द्या. तुमच्या बापाचं काय खायलीय?”

पडद्यावर युरोपातली एखादी गाय बराच वेळ चरत राहिली आणि मागून कुणी मोठ्यानं जांभई दिली, की आमचे सर हे वाक्य फेकायचे. मागं वळूनसुद्धा बघायचे नाहीत. जांभई देणारा गप्प बसायचा आणि गाय आपली चरत राहायची.

सर म्हणजे इंग्रजीचे सर. मानवतकडच्या खेड्यांमध्ये मास्तरकी करून रिटायर झाले आणि परभणीत आमच्या गल्लीत घर बांधून राहिले. रिटायर माणूस काय करतो ते तुम्ही पाहिलेलंच आहे. सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो आणि उरलेला दिवस सरकारला शिव्या देतो. सरांनी पिच्चर दाखवायला घेतले. तेही कसले? ना मारामारी, ना गाणं. परदेशातली खेडी, चिखल, गवत आणि म्हातारी माणसं. एका शिकवणीवाल्याचा वरच्या मजल्यावरचा हॉल रविवारी दुपारी रिकामा असायचा. खिडक्यांवर घोंगड्या टांगायच्या, भिंतीवर पांढरी चादर लावायची, की झालं आमचं थेटर.

बघणारे तरी कोण? मी सरकारी कचेरीतला कारकून. सुट्टीच्या दिवशी घरी बसलो तर बायको माळा झाडायला लावते, म्हणून जायचो. पूर्णेहून रेल्वेचे रिटायर गार्डसाहेब यायचे, पासावर. मानवतचे एक कापसाचे अडते होते, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर होत्या. आणि कृषी विद्यापीठातली दोन-चार पोरं. एवढीच आमची पब्लिक.

हे पिच्चर तिकडच्या भाषेत असायचे आणि खाली इंग्रजी ओळी यायच्या. आमच्यातल्या निम्म्यांना त्या वाचता येत नव्हत्या, आणि उरलेल्यांनी वाचायला घेतल्या की पळून जायच्या. म्हणून सर चादरीच्या बाजूला उभे राहायचे आणि ओळ आली की आमच्या बोलीत सांगायचे. बाप्याचं, बाईचं, लेकराचं, सगळ्यांचं एकाच आवाजात. आधी घरी बसून सगळा पिच्चर बघून यायचे, त्यामुळं कुठं अडखळायचे नाहीत. बर्फात उभा राहिलेला मेंढपाळ “आवं, लय गारठा पडलाय” म्हणायचा आणि चर्चचा पाद्री म्हणायचा, “या, बसा, च्या घ्या.” थोड्या वेळानं ही माणसं गोरी आहेत हेच आम्ही विसरून जायचो.

एकदा पडद्यावर चौघं जण बाटली घेऊन बसलेले. सर आपले सांगतायत, “आनखी एक कप च्या घे की.” त्यातला एक उठला, झुलत झुलत दोन पावलं चालला आणि धाडकन नाल्यात पडला.

“सर, च्या पिऊन कुणी नाल्यात पडतंय व्हय?” गार्डसाहेबांनी विचारलं.

“बायामानसं बसलेत,” सर शांतपणे म्हणाले.

सिस्टर म्हणाल्या, “बायामानसांना सगळं म्हाईत असतंय, सर. असले लय जन आमीच शुद्धीवर आनलेत.”

हॉल हसून हसून बेजार झाला. पण सरांनी पुढच्या रविवारीही दारूचा चहाच केला. हट्टी माणूस होता.

पिच्चर संपला की सर खुर्ची ओढून मधोमध बसायचे. प्रत्येकानं मत द्यायचं, हा त्यांचा नियम. “भारी हाय म्हनू नका. काय पटलं, काय न्हाई पटलं, ते सांगा.” मग एकेकाकडं हात करायचे, “तुमचं?” शेठना जिथं तिथं व्यवहार दिसायचा, एवढं गवत आहे तर मजूर का लावले नाहीत, हा त्यांचा कायमचा सवाल. गार्डसाहेब शिस्तीच्या बाजूनं. सिस्टर बाईच्या बाजूनं, मग बाई चुकली असली तरी. आमचं एकमत झाल्याचं मला आठवत नाही. सर मात्र स्वतःचं मत कधी द्यायचे नाहीत. “माजं कशाला? मी सांगितलं की तुमी बी तेच म्हनताल.”

आता घरचं सांगतो. सरांना एकच मुलगी. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर, आणि नाशिकला गेली. युरोपातल्या चिखलात बसलेल्या म्हाताऱ्यांसाठी डोळे पुसणारा हा माणूस पोटच्या पोरीशी बोलेना. तिची आई, आमच्या वहिनी, चोरून फोन करायच्या. ते कळल्यावर सरांनी तोही बंद केला. मी एकदा विषय काढून बघितला, तर म्हणाले, “दुसरं बोला.” खामखा वाईट कोण होणार? गल्लीनंही विषय सोडून दिला. मला त्यांचा तेव्हा राग यायचा, आणि खरं सांगतो, अजूनही येतो.

मग वहिनी आजारी पडल्या आणि अंथरुणातून उठल्याच नाहीत. मुलगी आली ती सगळं आटोपल्यावर. शेजारणीनं कळवलं म्हणून आली. अंगणात उभी राहून तिनं विचारलं, “अण्णा, मला का कळवलं नाही?”

“फोन लावला,” सर म्हणाले. “लागला न्हाई.”

नाशिकचा फोन लागला नाही, हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. अशा वेळी कोण काय तपासत बसतंय? ती ओट्यावर बसून खूप रडली आणि दिवस झाल्यावर निघून गेली. जाताना सर आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

वर्षश्राद्धाला ती पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि तिची गाडी संध्याकाळची. मी घोंगड्या न्यायला सरांकडं गेलो होतो. दारात चप्पल घालता घालता सर तिच्याकडं न बघता म्हणाले, “पिच्चर हाय. येतीस का?” इतक्या वर्षांत त्यांनी तिला काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला फार बरं वाटलं. ती बॅग घेऊनच आली आणि शेवटच्या रांगेत बसली.

पिच्चर डोंगरातल्या एका गावाचा होता. जुना काळ. एक म्हातारा, त्याची आजारी बायको आणि गवत कापायचे दिवस. पाऊस यायच्या आत गवत घरात आलं नाही तर हिवाळ्यात जनावरं मरणार. म्हणून म्हातारा कापत राहतो, कापतच राहतो, आणि आतल्या खोलीत बायको मरून जाते. शहरात राहणारी मुलगी येते ती माती झाल्यावर. ती घरात न जाता सरळ शेतात जाते, बापासमोर उभी राहते.

सर सांगत होते, “आईनं आखरीला माजं नाव घेतलं का?”

म्हातारा हातातला लांब दांड्याचा विळा थांबवतो. खाली ओळ आली. इतकी लहान, की मलासुद्धा पुरती वाचता आली. ‘नाही. ती झोपली होती.’ बस्स. एवढं बोलून तो म्हातारा पुन्हा गवत कापायला लागला.

पण सर म्हणाले, “लय घेतलं. दार वाजलं की इचारायची, आली का म्हनून. मी तिला सांगायचो, फोन लावायलोय, लागंना. लावलाच न्हवता. शेवटपत्तूर मी फोन लावला न्हाई.”

ओळ कधीच निघून गेली होती. पडद्यावर कुणाचं तोंड हलत नव्हतं. विळ्याचा आवाज तेवढा येत होता आणि सर बोलत होते. आवाज नेहमीचाच होता, बाप्याचा, बाईचा, लेकराचा, तोच. तोंड मात्र चादरीकडं होतं. शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. ती बॅग उचलून जिना उतरून गेली.

पिच्चर संपला, दिवे लागले. सर खुर्ची ओढून बसले. चेहरा उतरला होता, पण नियम तो नियम. “तुमचं?”

“बाप आवडला आपल्याला,” गार्डसाहेब म्हणाले. “उशिरा का व्हईना, कबूल तर केलं गड्यानं.”

विद्यापीठातला एक पोरगा उठला. “सर, पण तो तर नाही म्हणाला. खाली स्पष्ट लिहिलं होतं. तो कठोरच आहे, म्हणून तर पिच्चर चांगला आहे.”

“तू वाचत बसलास. आमी ऐकलं,” गार्डसाहेबांनी त्याला दाबलं.

“ते ऱ्हाऊ द्या,” शेठ म्हणाले. “त्या घरात फोन कुटं हाय? मी चूल पाह्यली, कंदील पाह्यला. जिथं लाईट न्हाई तिथं फोन कुटून आला?”

“गावात एखादा असतोय की. ठेसनात तर असतोयच.”

“ठेसन दाखवलंच न्हाई, साहेब!”

सरांच्या कपाळावर घाम आला होता. तो पोरगा परत तोंड उघडणार, हे मला दिसत होतं. सरांना आडोसा व्हावा म्हणून मीही मधे पडलो आणि मोठमोठ्यानं सांगायला लागलो, की पोस्टात फोन असणार, युरोपात त्या काळी सगळीकडं असायचा. मला युरोपातलं काय डोंबल ठाऊक! पण वाद लागला एकदाचा. शेठ हातवारे करून फोन नाही म्हणतायत, गार्डसाहेब आहे म्हणतायत. शेवटी सिस्टर म्हणाल्या, “फोन असू दे न्हाई तर नसू दे. ती बाई वाट बघून बघून गेली. बाप कबूल झाला म्हनून तिचं काय फिटलं?”

सर मान हलवत राहिले. माणसं एकेक करून उठली. आम्ही दोघंच राहिलो तेव्हा सरांनी शेवटच्या रांगेकडं बघितलं.

“तिचं राह्यलं,” म्हणाले.

“चला,” मी म्हणालो, “माझी गाडी खाली आहे. स्टेशनवर सोडतो तुम्हाला.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मला वाटलं, उठतील. गुडघ्यावर हात ठेवून थोडे उठलेही. मग म्हणाले, “आता काय. गाडी गेली असंल.” आणि खुर्च्या एकात एक घालायला लागले. मीही त्यांच्याबरोबर घालायला लागलो.

त्यानंतर सर बदलले. ओळ आली की आहे तेवढीच सांगायचे, पुस्तकी मराठीत. दारूला मद्य म्हणायचे. गाय कितीही चरली आणि मागं कितीही जांभया झाल्या तरी काही बोलायचे नाहीत. माणसं हळूहळू यायची बंद झाली. शेठ मला म्हणाले, “सरांचा पिच्चर आता सपक लागायलाय.” शेवटी शेवटी मी, गार्डसाहेब आणि सिस्टर असे तिघंच उरलो. मतं घेणंही त्यांनी सोडून दिलं. मी एकदा विचारलं, “नाशिकला बोलणं होतं का?” तर म्हणाले, “तिनं तर काई सांगितलं न्हाई अजून.” म्हणजे हे महाराज मत यायची वाट बघत बसले होते!

हिवाळ्यात एका सकाळी सरांनी दार उघडलं नाही. झोपेतच गेले. या वेळी फोन मी लावला. पहिल्या घंटीलाच तिनं उचलला. नवऱ्याला घेऊन ती दुपार कलता कलता पोचली. भावकीतल्या एक-दोघांनी तोंडं वाकडी केली, पण अग्नी तिनंच दिला. तिचा नवरा उन्हात एका बाजूला उभा होता. त्याला कुणी या-बस म्हणालं नाही, तेव्हा गार्डसाहेबांनी त्याला हाताला धरून सावलीत आणलं.

दिवस झाल्यावर घर आवरायला मी आणि बायको गेलो. सरांचा जावई बाहेर रिक्षात सामान ठेवत होता. मुलगी आत कपाटाजवळ बसली होती. मग ती म्हणाली, “काका, त्या दिवशी मी गाडीसाठी उठले नव्हते. गाडीला वेळ होता.”

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली.

“मला वाटलं, आता अण्णा मागं येतील. जिन्याखाली उभी होते मी. वरून तुमचे आवाज येत होते. फोन होता, फोन नव्हता. कितीतरी वेळ.”

“वर का आली नाहीस गं?” माझ्या बायकोनं विचारलं.

“कशी येऊ? एवढं सगळं बोलले ते, पण त्या पिच्चरमधल्या म्हाताऱ्याच्या तोंडून बोलले. मला वाटत होतं, एकदा माझ्याकडं तोंड करून बोलावं. मग दुसरं काहीच नको होतं हो, काका. मी तिथंच गळ्यात पडले असते. स्टेशनवरसुद्धा बसून राहिले. एक गाडी सोडली.”

काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हणालो, “त्यांना वाटलं, तुझी गाडी गेली.”

तिनं कपाटाचं दार लावलं.

“काका,” ती म्हणाली, “अण्णांच्या खिशात तर फोन होता ना?”