अठरा कुंड्या आणि टेप लावलेल्या खिडक्या

"आंटीजी, आणखी वीस झाडं पाठवा. आजच्या आज."

नवीनजींचा फोन सकाळी दहाला आला. जयपूरच्या वैशाली नगरमध्ये त्यांचं ऑफिस आहे. जवळच्या बगरू गावाहून ठशांनी छापलेलं कापड तिथे येतं, घड्या होऊन पॅक होतं आणि कुरियरने देशभर जातं. पॅकिंगच्या खोलीत बारा बायका काम करतात. दोन महिन्यांपूर्वी त्या खोलीत मी अठरा कुंड्या बसवल्या होत्या.

"का? आधीची मेली का?"

"झाडं फर्स्ट क्लास आहेत. माणसांचा प्रॉब्लेम आहे. रोज कोणाचं ना कोणाचं डोकं दुखतं. रेखाजींना तर या आठवड्यात दोनदा दम लागला. हवा साफ होत नाहीये. डोस वाढवा."

"मी आधी येऊन बघते."

"बघायचं काय त्यात? चारला कुरियरची गाडी येते. त्याआधी गडबड नको."

"न बघता मी झाड पाठवत नाही, नवीनजी."

ईशान, मही, तुमची आजी कॉलेजात बॉटनी शिकवायची हे तुम्हाला माहीत आहे. रिटायर झाल्यापासून मी जयपूरमधल्या ऑफिसांना आतली झाडं निवडून देते. खोलीत उजेड किती, एसीचा झोत कुठे, पाणी कोण घालणार, हे पाहून यादी करायची, झाडं बसवायची आणि दर गुरुवारी जाऊन ती तपासायची. मही, मागच्या रविवारी तू विचारलंस की हवा स्वच्छ करणारं कोणतं झाड खोलीत ठेवू. त्याचं उत्तर फोनवर देता येईना, म्हणून हे लिहिते आहे. नवीनजींच्या ऑफिसातलं बोलणं सगळं हिंदीत झालं होतं. तुमच्यासाठी ते मराठीत मांडते.

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तीन गुरुवार मी त्या ऑफिसात गेले नव्हते. आमचे माळी भंवरजी एकटे जाऊन पाणी घालून येत. तेही माझ्याच वयाचे. त्या दिवशी दुपारी दीडला आम्ही दोघं पोचलो.

दार उघडल्याबरोबर मी थांबले. खोलीच्या तिन्ही खिडक्या बंद होत्या. नुसत्या बंद नाहीत, तर पॅकिंगच्या खाकी टेपने कडेने चिकटवलेल्या.

"या कोणी बंद केल्या?"

"मीच," नवीनजी म्हणाले. "आंधीचे दिवस आहेत. पांढऱ्या कापडावर धूळ बसते, मग माल परत येतो. एसी आहे, आणि हवेला तुमची झाडं आहेत. तुम्हीच लिहून दिलंय ना."

भिंतीवर माझाच लॅमिनेट केलेला कागद होता. स्नेक प्लांट, मनी प्लांट, अरेका पाम, स्पायडर प्लांट. खाली माझ्या सुबक अक्षरात: ही झाडे खोलीतील हवा स्वच्छ ठेवण्यास मदत करतात.

हे वाक्य खोटं नाही. काचेच्या छोट्या बंद पेटीत झाड ठेवून पाहिलं, तर ते हवेतले काही वायू शोषून घेतं. पण पेटी वेगळी आणि बारा माणसांची खोली वेगळी. त्या खोलीची हवा झाडांनी साफ करायची, तर इतकी झाडं लागतील की माणसांना बसायला जागा उरणार नाही. हे मला माहीत होतं. "मदत करतात" याच्या आधी "थोडीशी" लिहायला हवं होतं. ते मी लिहिलं नाही, कारण "थोडीशी" वाचून कोणी ऑर्डर देत नाही.

मी भंवरजींकडे पाहिलं. "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"मॅडमजी, मालकाची खिडकी, मालकाने बंद केली. मला पाणी घालायला सांगितलं होतं, मी पाणी घातलं."

त्यांचं बरोबर होतं. मीही विचारलं नव्हतं.

माझी कामाची एक पद्धत आहे. प्रत्येक कुंडीला नंबर असतो, आणि पानं मी स्वतः पुसते, ओल्या पांढऱ्या मलमलने. दर कुंडीला नवा तुकडा. पुसून झालं की तो तुकडा त्या कुंडीसमोर ठेवायचा. भंवरजी याला मॅडमजींची परीक्षा म्हणतात. जयपूरमध्ये हे तुकडे नेहमी बदामी होतात. आमची धूळच त्या रंगाची.

दाराजवळच्या अठरा नंबरपासून सुरुवात केली. बदामी. सतरा, सोळा, पंधरा, सगळे बदामी. मागच्या भिंतीकडे सरकले. सहा नंबरचा करडा. पाचचा आणखी गडद. चार नंबरचा स्नेक प्लांट पुसला आणि तुकडा उलटून पाहिला. काळा. बोटाने चोळला तर तेलकट लागला. तीन, दोन, एक, तिन्ही काळे.

ही धूळ नव्हती. काजळी होती.

एक ते चार नंबरच्या कुंड्यांच्या वर, भिंतीत फ्रेश एअर फॅन होता. एसीच्या बंद खोलीत बाहेरची थोडी हवा आत ओढणारा छोटा पंखा. खिडक्या चिकटवल्यावर त्या खोलीत हवा यायला तेवढी एकच वाट उरली होती.

"रेखाजी, डोकं साधारण कधी दुखायला लागतं?" मी विचारलं.

रेखाजींचं टेबल त्या पंख्याखालीच होतं. पस्तिशीची शांत बाई, शास्त्री नगरहून दोन बस बदलून येते. दम्याचा इनहेलर ओढणीच्या टोकाला बांधलेला.

"दुपारी, आंटीजी. घरी गेलं की उतरतं. रविवारी अजिबात नाही."

"दुपारी किती वाजता?"

त्या उत्तर देणार, तेवढ्यात लाइट गेली. शेजारच्या टेबलावरची कोणीतरी म्हणाली, "घ्या, दोन वाजले." गेले काही आठवडे रोज याच वेळी वीज जात होती. खाली मागच्या बोळात जनरेटर धडधडू लागला. दिवे आले, एसी आला, तो पंखाही फिरू लागला.

मी पंख्यासमोर हात धरला. येणारी हवा गरम होती.

"नवीनजी, जनरेटर बंद करा."

"आंटीजी, पावणेदोनशे पार्सलं बाकी आहेत."

"जनरेटरचा धूर या पंख्यातून आत येतोय. त्यात एक वायू असतो, त्याला वासही नसतो. डोकं दुखतं, मग चक्कर येते, मग माणूस उठत नाही. सगळ्यांना खाली न्या."

"धुराचा पाइप गच्चीपर्यंत नेलाय. मी स्वतः उभं राहून लावून घेतलाय. तुम्ही झाडं बघा ना, प्लीज."

"झाडंच बघितली. हे बघा." मी चार नंबरचा तुकडा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो बोटाने चोळून पाहिला. भंवरजी कोणी न सांगताच पाइप बघायला मागच्या जिन्याने खाली गेले.

रेखाजी खोकायला लागल्या. एकदा, दोनदा, मग खोकला थांबेना. त्यांनी इनहेलर ओढला. पुन्हा ओढला. तोंड उघडं होतं, खांदे वर जात होते, पण हवा आत जात नव्हती. ओठांचा रंग बदलताना मी पाहिला. "नाही आंटीजी, बसते मी, होईल ठीक," असं त्या हातानेच खुणावत होत्या. अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये, एवढीच त्यांची काळजी.

मी खिडकीकडे गेले आणि टेप ओढला.

"आंटीजी, आंधी येतेय! बाहेर बघा! सगळं पांढरं कापड उघडं आहे!"

खरंच, बाहेर आकाश पिवळं झालं होतं. नवीनजींनी माझं मनगट धरलं नाही, पण ते मध्ये उभे राहिले. त्या कापडावर त्यांचा महिना अवलंबून होता, हे मला कळत होतं.

"कापड धुता येतं," मी म्हटलं. "सरका."

तेवढ्यात खालून भंवरजींची हाक आली. "मॅडमजी! पाइप अर्धाच आहे!"

मागच्या बोळात शेजाऱ्यांनी भिंतीला प्लास्टर करून घेतलं होतं. त्या कामासाठी पाइपचा वरचा भाग उतरवला होता. तो नीट कोपऱ्यात टेकवून ठेवला होता, परत लावायचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. उरलेल्या पाइपचं तोंड बरोबर आमच्या पंख्याखाली होतं.

 आता नवीनजींनीच दुसऱ्या खिडकीचा टेप फाडला आणि जिन्याकडे धावत ओरडले, "जनरेटर बंद करा! सगळ्या खाली चला! कापड राहू दे, आधी रेखाजींना धरा!"

दोघींनी रेखाजींना धरून खाली नेलं. नवीनजींनी त्यांना गाडीत घातलं. मी मागे बसून त्यांची पाठ चोळत राहिले. क्लिनिक चार मिनिटांवर होतं. ती चार मिनिटं मी रस्ता पाहिला नाही, फक्त त्यांचे ओठ पाहत होते. डॉक्टरांनी आधी ऑक्सिजन लावला, मग प्रश्न विचारले. तासाभराने रेखाजी पहिलं पूर्ण वाक्य बोलल्या: "माझा डबा टेबलावर राहिला."

"त्या खोलीत आणखी तासभर राहिल्या असत्या, तर मी काही सांगू शकलो नसतो," डॉक्टर नवीनजींना म्हणाले. 

आंधी आली. उघड्या खिडक्यांतून तिने खोलीभर बदामी थर पसरला. चारच्या गाडीत एकही पार्सल गेलं नाही. सगळं कापड धुवायला बगरूला परत गेलं. दुसऱ्या दिवशी पाइप गच्चीच्या वर गेला, पंखा दुसऱ्या भिंतीत हलला, आणि धुळीपासून जपायला कापडाच्या कपाटांना काचेची दारं लागली. रेखाजी आठ दिवस रजेवर होत्या. त्या दिवसांचा पगार त्यांना मिळाला. याची मी विचारून खात्री करून घेतली.

नवीनजींनी त्या वीस झाडांचं नाव पुन्हा काढलं नाही. मी भिंतीवरचा कागद काढून नवा लावला. त्यात "थोडीशी" आहे. चार नंबरचा स्नेक प्लांट अजून तिथेच आहे आणि उत्तम वाढतोय. त्याला काजळीचं काही वाटलं नव्हतं. म्हणूनच झाड टवटवीत दिसतंय म्हणजे खोली ठीक आहे, असं समजू नये.

तर मही, स्पायडर प्लांट घे. तो सोपा आहे आणि तुझ्याकडून मरणार नाही. पण आता मी कोणालाही यादी देते, तेव्हा पहिल्या नंबरवर खिडकी लिहिते: रोज उघडणे, पाणी लागत नाही.

नवी यादी वाचून नवीनजी म्हणाले होते, "आंटीजी, खिडकी तर तुम्ही विकत नाही."

"म्हणूनच ती पहिली आहे," मी म्हटलं.