तानाजीचा उडता टॉवर

आमच्या मादन हिप्परग्याचा तानाजी बरीच वर्षं भालकीकडे एका साखर कारखान्यात वायरमन होता. येळामावस, म्हणजे शेतात पूजा-जेवण करायची मार्गशीर्षातली अमावास्या, नेमकी गळिताच्या दिवसांत येते, तेव्हा सुट्टी कोण देणार? इकडे त्याची आई राजूबाई शेतात कडब्याच्या पेंढ्यांनी उभारलेल्या कोपीपुढे बसायची, भज्जी-उंड्यांचं त्याचं ताट झाकून ठेवायची आणि फोन लावत राहायची. शेतात रेंज कुठली! संध्याकाळी गावात येऊन मग विचारायची, "जेवलास का?"

गेल्या वर्षी तो परतला, तो एका कंपनीच्या ड्रोनवर नोकरी घेऊनच. हा ड्रोन म्हणजे उडता टॉवर. खाली गाडीत जनरेटर, तिथून वायर वर गेलेली. विजेचा पुरवठा खालून, म्हणून दिवसभर हवेत थांबतो आणि आसपासच्या मोबाइलना रेंज देतो. तानाजी त्याच्याकडे इतक्या कौतुकानं बघतो, की बायकोला, दीपमालाला, हेवा वाटावा.

पण अजून चाचणीच चालू होती. शेवटच्या दिवशी भरपूर फोन जोडले गेले तर ड्रोन इथंच राहणार, नाहीतर करजगीला जाणार, आणि त्याच्यामागे तानाजीही. दिवस त्यानंच सुचवला, येळामावसेचा. लेकी-जावई, पुण्या-हैदराबादची पोरं, सगळे गावी येतात. फोनच फोन.

सकाळी देवळापुढच्या मैदानात ड्रोन चढला. कंपनीच्या जयंतीमॅडम लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या, "तानाजी, आपलेच दोन फोन दिसतायत. गाव कुठं गेलं?"

त्यानं कपाळावर हात मारला. येळामावसेला गावात थांबतं कोण? घरोघर कुलूप, सगळे शेतात जेवायला. गड्यानं पाहुणे मोजले, पण ते जेवणार कुठं हे साफ विसरला. मी आंबिलीचं मडकं घेऊन शेताकडेच निघालो होतो. आधी हसू आलं, मग त्याचा चेहरा बघून वाईट वाटलं.

ड्रोन उतरवला, वायर गुंडाळली. मीही मडक्यासकट गाडीत चढलो. धक्के खात आम्ही माळावरच्या त्याच्या शेताकडे गेलो. तिथून चहूकडे लोकांच्या कोप्या दिसतात. बांधाकडेला गाडी लावून त्यानं ड्रोन पुन्हा सोडला आणि श्वास रोखून मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिला.

एक फोन जोडला गेला, मग दुसरा, मग मोजायचं काही कारणच उरलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आता हा इथंच राहतो."

तेवढ्यात तानाजीचाच फोन वाजला.

"समदे जेवायलेत. तू तिकडं कामून हुबा ऱ्हायलास? ये, मॅडमला बी आण." राजूबाई हाकेच्या अंतरावरून, कोपीपुढून बोलत होती.

"आई, नुसती हाक मारली असतीस की."

"न्हाई. दरसाली फोनच लावते मी. यंदा लागला."

तानाजीनं फोन खिशात ठेवला, डोळे पुसले आणि आईकडे चालू लागला.