श्वास सोडा, आणि तसंच थांबा

पनवेलच्या फुप्फुसतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी माझ्या एचआरसीटीच्या फिल्म दिव्यासमोर लावल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही काम काय करता?"

माझ्याआधी आमच्या यांनीच उत्तर दिलं, "काही नाही, घरीच असते."

"मग घरातच शोधा," डॉक्टर म्हणाल्या. "श्वासातून काहीतरी आत गेल्याशिवाय हा रोग होत नाही."

रोगाचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. एखादी धूळ किंवा बुरशी रोज श्वासातून आत जाते, शरीर तिच्याशी भांडत बसतं आणि त्या भांडणात फुप्फुस सुजतं. एचआरसीटी म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन. साध्या एक्स-रेत माझं काहीच दिसलं नव्हतं, म्हणून आठ महिने खोकल्याची औषधं, दम्याचा पंप आणि टीबीच्या तपासण्या यांत गेले होते.

स्कॅन दोनदा काढतात. पहिल्यांदा श्वास भरून घ्यायला लावतात. दुसऱ्यांदा सांगतात, "श्वास सोडा, आणि तसंच थांबा." हे दुसरं अवघड. हात डोक्यावर, छाती रिकामी आणि हवा आत घ्यायची परवानगी नाही. काही सेकंदांचंच काम, पण मशीनच्या त्या गोल कड्यात मी पूर्ण अडकले होते. घाबरून श्वास घेतलात तर पुन्हा काढावा लागतो. माझा पुन्हा काढावा लागला.

फिल्मवर दोन गोष्टी होत्या. एक ग्राउंड ग्लास, म्हणजे घासलेल्या काचेसारखा धूसरपणा. ती सूज. दुसरी एअर ट्रॅपिंग. बारीक नळ्या सुजल्यामुळे आत गेलेली हवा बाहेर पडत नाही, हवा अडकलेली ती जागा श्वास सोडल्यावरही काळीच दिसते.

"गोळ्या मी देईन," डॉक्टर म्हणाल्या. "पण कारण सापडलं नाही तर फायब्रोसिस होईल. म्हणजे सुजलेली जागा कायमची घट्ट होईल. मग मलाही काही करता येणार नाही."

दिवेआगरला घरी परतल्यावर मी कोंबड्या देऊन टाकल्या, गोधड्या उन्हात घातल्या, माळे झाडून घेतले. फरक शून्य. तुळशीपर्यंत जाताना मी दोनदा बसायची. शेवटी म्हसळ्याला बहिणीकडे गेले. बाराव्या दिवशी तिचा जिना न थांबता चढले. घरी परतले आणि दुसऱ्या संध्याकाळी ताप, खोकला, सगळं हजर.

"घर काय चावतं काय तुला?" हे म्हणाले.

"चावतंच आहे. कुठून चावतं ते बघते."

मी कागद घेऊन बसले आणि उठल्यापासूनचं प्रत्येक काम लिहायला लागले. पहिल्याच ओळीवर थांबले. आंघोळीचं पाणी तापवणे.

आमच्याकडे सुपारी सोलून झाली की सालं टाकत नाहीत. न्हाणीघरामागच्या खोलीत भरून ठेवतात आणि वर्षभर चुलीत घालतात. त्या खोलीची कौलं पहिल्यापासून थोडी गळायची; मागच्या वादळात ती उडाली, वर पत्रे आले आणि ते जास्तच गळायला लागले. खालची सालं ओली राहून पांढरी पडली. रोज सकाळी मी तीच कवटाळून ओढायची, झटकायची आणि वर चूल फुंकायची. याला काम म्हणतात हे माझ्याच डोक्यात नव्हतं, तर डॉक्टरांना काय सांगणार?

मूठभर सालं दोन पिशव्यांत गाठ मारून पनवेलला नेली. डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकल्या. "उघडू नका! बाहेरूनच दाखवा." बाहेरूनही बुरशी दिसत होती.

चूल बंद करायची म्हटल्यावर सासूबाई चिडल्या. "गॅसच्या पाण्याला ऊब न्हाय. तुझ्याआधी चाळीस वर्षं मीच ती चूल पेटवली. मला काय झालं?" आणि बोलून झाल्यावर नेहमीसारख्या खोकल्या.

तो खोकला आम्ही सगळे वयाचा समजत होतो.

खोली रिकामी होईपर्यंत मी म्हसळ्याला राहिले. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. धूसरपणा बराच गेला होता, खालच्या बाजूला कायमच्या घट्ट झालेल्या जागेच्या चार रेषा उरल्या होत्या. "या राहणार," डॉक्टर म्हणाल्या. राहू देत. जिना चढता येतो.

त्याच दिवशी सासूबाईंना नेलं होतं. "मी त्या बोगद्यात जायची न्हाय," म्हणत गेल्या. त्यांच्या फिल्मवर हनीकोंबिंग होतं. मधाच्या पोळ्यासारखी भोकं भोकं. ते भरून येत नाही, घरी ऑक्सिजन लागेल.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्यात अशी भोकं न्हाईत ना?"

"नाहीत."

"मग झालं. वाटेत चहा पाज."

तुमच्या घरात कुणी वयामुळे खोकत असेल, तर आधी ती बाई सकाळपासून काय काय झाडते, झटकते, फुंकते ते लिहून काढा आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवा. आम्हाला उशीर झाला. मी थोडक्यात सुटले, त्या सुटल्या नाहीत.

आता त्या नाकाला नळी लावून पडवीत बसतात. रस्त्याने कुणी खोकत गेली की हाक मारतात, "काय गं, पाणी कशावर तापवतेस?" त्यांच्या पिच्छ्याला कंटाळून शेजारची सून गेल्या महिन्यात पनवेलला जाऊन आली. तिच्या फिल्मवर नुसता धूसरपणा आहे. रेष एकही नाही.