सुनेने डोंगरावर बांधलेली घंटा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे शाळेची आणि माझी फारकत झाली. कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला, कुणापुढे वाकलो नाही, आणि आजही चष्मा लावून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मोबाइलबद्दल लिहायचंय आणि लोक म्हणतील, या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतं. नाहीच कळत. पण माणूस कळतो. मी लिहितोय ते माझ्या सुनेबद्दल.

सून पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. सकाळी घरोघर जाऊन लोकांचं रक्त घ्यायचं आणि बाटल्या लॅबला पोचवायच्या. हात इतका हलका, की सुईला घाबरणारी माणसं फोन करून सांगायची, त्याच बाईंना पाठवा. चौतिशी उलटल्यावर एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, मी लॅब सोडतेय. मोबाइलची ॲप बनवायला शिकणार."

मी घास खाली ठेवला. "म्हणजे काय करणार?"

"तुम्ही फोनवरून गॅस बुक करता ना, तसलं काहीतरी बनवायचं."

"मी कुठे करतो? तूच करतेस."

"बघा, म्हणजे सवय आहे मला."

मुलगा हसला. तो बायकोच्याच बाजूचा. मी विचारलं, "या वयात?" ते विचारलं यात काही चूक नव्हती. घरातल्या मोठ्या माणसाने एकदा विचारायलाच पाहिजे. दुसऱ्यांदा मात्र विचारलं नाही.

घाटकोपर स्टेशनजवळच्या क्लासला ती संध्याकाळी जायची. वर्गात सगळी विशीतली पोरं. एकाने तिला आंटी म्हटलं. ही म्हणाली, "आंटी म्हण, पण ते मगाचचं परत एकदा समजावून सांग." घरी दुपारी पिठाच्या डब्यावर जुना लॅपटॉप ठेवून बसायची. चुकलं की पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळीच्या ओळी यायच्या. मी असतो तर तो लॅपटॉप डोंगरावरून खाली टाकला असता. ही त्या लाल ओळी शांतपणे वाचायची, जणू कुणाचा रिपोर्ट वाचतेय.

क्लास संपला, पण नोकरी मिळेना. एका कंपनीने फोनवर सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे नवीन घेतो ते सगळे बावीस-तेवीसचे असतात." बाकीच्यांनी तेवढंही सांगितलं नाही. शेवटी पवईच्या एका लहान कंपनीने सांगितलं, क्लासमध्ये बनवलेलं दाखवू नका. खरी माणसं रोज वापरतात असं काही बनवलं असेल तर घेऊन या. महिन्याभराची मुदत दिली.

आमची वस्ती घाटकोपरच्या डोंगरावर. पाणी दुपारी येतं, पण नक्की कधी ते पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक. बायका दुपारभर नळाशी अडकून पडतात. सुनेने ठरवलं, पाण्याची घंटा बनवायची. ज्याच्या नळाला पहिलं पाणी येईल त्याने फोनवर 'पाणी आलं' हे बटण दाबायचं, की वस्तीतल्या सगळ्या फोनवर घंटा. रविवारी विहारात वंदना झाल्यावर तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झकास, म्हणाले. पोरांनी घराघरांतल्या फोनवर ते चढवून दिलं.

सोमवारी घंटा वाजलीच नाही. पाणी आलं आणि गेलं. मंगळवारी तेच. वरच्या गल्लीतली एक बाई हंडा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "तुझ्या घंटीच्या भरवशावर बसले आणि माझी वाट लागली ना! आता पिऊ काय, तुझा मोबाइल?"

सून म्हणाली, "ताई, आत या. आमच्यातलं घेऊन जा." आणि तिचा हंडा भरून दिला.

माझं डोकं फिरलं. "खालच्या गल्लीत पाणी पहिलं येतं. तेच दाबत नाहीत. मी जातो आणि एकेकाला झापतो."

"बाबा, तुम्ही घरीच बसा."

मी कुणाचं ऐकतो? दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळी तिच्या मागोमाग उतरलो आणि वाण्याच्या पायरीवर बसलो. ती समोरच, खालच्या गल्लीतल्या पहिल्या घरी गेली. तिथे एकटी मालवणी म्हातारी राहते. बटण का दाबलं नाहीस, असं सुनेने विचारलंच नाही. ही लॅबची विद्या. रक्त द्यायला उपाशी राहा म्हटलं तरी माणूस चहा पिऊन बसतो आणि विचारलं तर नाही म्हणतो. म्हणून ती चहात साखर किती घेता, असं विचारायची. तसंच इथे. म्हातारीचं पिंप भरायला लागली आणि सहज म्हणाली, "आजी, वरच्या मोटरी सुरू झाल्या की तुमच्या नळाचं काय होतं हो?"

म्हातारी फुटली. "तुका खरां सांगू गो बाय? मी बटण दाबलंय की वरचे सगळे मोटरी लावतत. माझी धार करंगळीएवढी होता. मग माझा पिंप कोण भरतलो?"

बरोबरच होतं. आधी वरच्यांना पाणी आल्याचं उशिरा कळायचं, तोवर खालचे भरून घ्यायचे. सुनेच्या घंटेने वरच्यांना त्याच क्षणी कळणार होतं. कोण स्वतःच्या हाताने आपली धार बारीक करेल?

ती घरी आली आणि पिठाच्या डब्यापुढे बसली. दोन दिवसांत तिने बटणच बदललं. आता 'पाणी आलं' नाही, तर 'आमचं भरलं'. खालच्या गल्लीत प्रत्येक घराने आपलं भरून झाल्यावर दाबायचं, आणि सगळ्यांचं दाबून झालं की घंटा फक्त तिच्या वरच्या गल्लीत. असं एकेक गल्ली करत वरपर्यंत. आणि आपली घंटा वाजेपर्यंत कुणी मोटर लावायची नाही.

विहारात परत बैठक झाली. वरच्या गल्लीतला एक जण उठला. "म्हणजे खालच्यांनी राजासारखं भरायचं आणि आम्ही उरलंसुरलं?"

मीही बोललो. आम्ही चौथ्या गल्लीत राहतो. "पोरी, आपलंच पाणी मागे ढकलतेस?"

ती म्हणाली, "काका, बाबा, खालचे नळ बंद झाल्याशिवाय वर जोर येतो का? मोटरीने खालच्यांची धार बारीक होते, पण वर धड पाणी आतासुद्धा तेव्हाच येतं. फक्त तोपर्यंत तुम्ही नळाशी बसता आणि मोटर रिकामी फिरून जळते."

त्या माणसाची मोटर मागच्याच महिन्यात जळलेली. तो बसला. मीही बसलो. सुनेने चारचौघांत मला गप्प केलं, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने पहिलं बटण दाबलं.

पवईला बोलावलं ती नेमकी पाण्याचीच वेळ. मी म्हटलं मी येणार. नको म्हणाली, तरी गेलो. आमच्या पाण्याचं शेजारणीला सांगून ठेवलं होतं. गेटवर सून म्हणाली, "बाबा, त्यांना हे चालू असताना बघायचंय. वस्तीत फोन करून कुणाला दाबायला सांगू नका. आपोआप वाजली तरच खरी."

ती वर गेली. मी वॉचमनच्या बाकड्यावर फोन हातात धरून बसलो. वेळ टळत चालली. म्हातारी झोपली की काय? पाणीच आलं नसेल तर? बोट सारखं म्हातारीच्या नंबरवर जात होतं. आयुष्यात इतकं गप्प मी कधी बसलो नव्हतो. एक फोन केला असता तर कुणाला कळलं असतं? पण सुनेच्या कामात माझी लबाडी नको, म्हणून फोन पालथा घालून मांडीवर ठेवला.

आणि घंटा वाजली. आमच्या गल्लीची. म्हणजे खालच्या तिन्ही गल्ल्यांनी भरून, आठवणीने दाबलं होतं.

वॉचमन म्हणाला, "काका, फोन उचला ना."

"फोन नाही रे तो. पाणी आलंय."

त्याने उठून गेटजवळचा नळ सोडून बघितला.

बऱ्याच वेळाने सून खाली आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?"

"वाजली, बाबा. लॅपटॉपवर सगळ्या गल्ल्या एकामागून एक दिसत गेल्या. मी पहिलं बटण कसं चुकलं तेपण सांगितलं. त्यावरच जास्त विचारत होते." मग हळूच म्हणाली, "सोमवारपासून ये म्हणालेत. सगळ्यात खालच्या जागेवर. साहेब माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल."

"असू दे. शिकवतो का बघ. नसेल शिकवत तर आंटीचा हिसका दाखव."

ती हसली, मग तोंड फिरवून डोळे पुसले. मी वॉचमनकडे वळलो आणि चांगला मोठ्याने म्हणालो, "ही माझी सून. सोमवारपासून इथेच कामाला येणार. चेहरा नीट बघून ठेव, गेटवर अडवायचं नाही."

"बाबा, चला ना," ती माझी बाही ओढत म्हणाली.

"थांब गं," मी म्हटलं, "त्याला बघू दे."